दोन मैलांचा हिशेब

तुमचा प्रश्न असा: कथेत पडका वाडा आहे, अमावास्या आहे, पाऊस कोसळतोय, घड्याळात बाराचे ठोके पडतायत, तरी वाचणारा घाबरत नाही. मग जुन्या, गाजलेल्या भयकथांमध्ये नुसत्या जागेतून आणि वेळेतून भीती उभी कशी राहते? सोबत पाठवलेला खर्डा मी दोनदा वाचला. भाषा चांगली आहे तुमची. वाडाही डोळ्यांसमोर येतो. पण तो नुसताच उभा आहे. त्याच्याकडून तुम्ही काही काम करून घेतलेलं नाही.

गेली तीसेक वर्षं मी एकांकिका आणि नभोनाट्यं बसवतो, त्यातली बरीचशी भयकथांवरची. तेव्हा उत्तर कारागिराच्या बाजूने देतो, आणि दहा कथांची नावं घेण्यापेक्षा एकच कथा उसवून दाखवतो: डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज यांची 1902 सालची ‘द मंकीज पॉ’, म्हणजे माकडाचा पंजा. शाळा-कॉलेजात इंग्रजीच्या पुस्तकात तुमच्यापैकी अनेकांनी ती वाचली असेल. वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. म्हातारा व्हाइट, त्याची बायको आणि त्यांचा मोठा मुलगा हर्बर्ट. हिंदुस्थानात एकवीस वर्षं काढून आलेला एक सार्जंट मेजर त्यांच्याकडे येतो. त्याच्याजवळ माकडाचा वाळलेला पंजा आहे. तीन माणसांच्या तीन-तीन इच्छा तो पुऱ्या करतो. म्हातारा दोनशे पौंड मागतो. दुसऱ्या दिवशी मुलगा कारखान्याच्या यंत्रात सापडून मरतो आणि कंपनीचा माणूस भरपाई देऊ करतो, बरोबर दोनशे पौंड. काही दिवसांनी रात्री आई हट्ट धरते, मुलगा जिवंत होऊन परत येऊ दे, अशी इच्छा मागायला लावते. मग दारावर थाप पडते.

जेकब्जचा जन्म 1863 चा, लंडनच्या वॉपिंग भागातला, थेम्सच्या धक्क्यांजवळचा. पोस्टाच्या बचत बँकेत त्याने कारकुनी केली आणि नाव कमावलं ते खलाशांच्या, बार्जवाल्यांच्या विनोदी कथा लिहून. हे मुद्दाम सांगतो, कारण त्याच्या भयकथेतही तो कारकून जागा आहे. अंतर किती, दिवस किती, मेणबत्ती किती उरली, बोल्ट किती उंचीवर, सगळं त्याने नोंदवून ठेवलंय. माझ्या मते या कथेतली भीती या नोंदींतून येते. धुकं, वादळ, घुबड यांच्यावर तिची फारशी भिस्त नाही.

सुरुवात पाहा. बाहेर थंडी-पाऊस, आत पडदे ओढलेले, शेकोटी पेटलेली. बापलेक बुद्धिबळ खेळतायत, आई शेकोटीशी विणत बसलीय. कुणालाही तिथे जाऊन बसावंसं वाटेल अशी खोली. नवा लेखक इथेच वाऱ्याला किंचाळायला लावतो. जेकब्ज काय करतो? म्हाताऱ्याला कुरकुर करायला लावतो. किती आडबाजूला राहतो आपण, पायवाटेचा नुसता चिखल झालाय, रस्त्याचा ओढा झालाय. या रस्त्यावरची दोनच घरं भाड्याने गेलीत म्हणून कुणाला पडलेली नसावी. डाव हातचा चाललेल्या माणसाची ती चिडचिड आहे, आपण वाचून पुढे जातो. पण तेवढ्यात आपल्याला कळून चुकलेलं असतं की हाक मारली तरी शेजारून कुणी येणार नाही. ‘ते घर निर्जन होतं’ हे वाक्य लेखकाच्या तोंडचं झालं असतं, आणि लेखकावर वाचक इतका सहज विश्वास टाकत नाही. भाडेकरू मिळत नाहीत ही तक्रार मात्र कुणालाही खरी वाटते.

पुढचं मला नाटक बसवताना, आवाजांची यादी करताना ध्यानात आलं. या घरी बाहेरून कोण कोण येतं ते बघा. सार्जंट मेजर येतो तेव्हा फाटक धाडकन आपटतं आणि दाराकडे येणारी जड पावलं ऐकू येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टमन दार वाजवतो. बाई लगबगीने जाते, कारण पंजाची गोष्ट गंमत म्हणून घेतली तरी मनात दोनशे पौंड आहेतच, आणि हातात पडतं शिंप्याचं बिल. मग कंपनीचा माणूस. तो ऐकू येत नाही, खिडकीतून दिसतो: चांगल्या कपड्यांतला, फाटकाशी तीनदा थांबतो, पुढे सरकतो, चौथ्यांदा फाटक उघडून आत येतो. आणि सगळ्यात शेवटी जो येतो त्याचं फाटक वाजत नाही, पावलं वाजत नाहीत, तो दिसतही नाही. फक्त थाप, तीही आधी इतकी हलकी की धड ऐकू येऊ नये.

तालमीत आमच्या ध्वनी सांभाळणाऱ्या मुलाने शेवटच्या थापेआधी फाटकाचा करकर आवाज टाकला होता. चांगला रंगवला होता त्याने. मी तो काढायला लावला. फाटक वाजलं की येणारा माणूस होतो. वाचकाला पहिल्या पानापासून सवय लागलेली आहे, या घरी कुणी आलं की आधी काहीतरी कळतं. तीच सवय शेवटी मोडायची आहे. म्हणजे जागेचे नियम आधी उजेडात, साध्या प्रसंगांत ठरवावे लागतात. नियमच ठरलेला नसेल तर मोडायचं काय?

वेळेचंही तसंच. मुलाच्या मरणाची बातमी रात्री येत नाही. दुसरा भाग सुरू होतो तो हिवाळ्यातल्या कोवळ्या उन्हात, न्याहारीच्या टेबलावर. काल रात्रीची भीती सगळ्यांना खुळचट वाटू लागलीय, पंजा बाजूच्या कपाटावर कसाही फेकून दिलाय. मी यायच्या आत पैसे उडवू नका, अशी थट्टा करून हर्बर्ट कामाला जातो. भरदिवसा, नीटस कपड्यांतला माणूस येऊन अडखळत सांगतो. हा कथेतला सगळ्यात क्रूर प्रसंग, आणि तो लख्ख उजेडात ठेवल्यामुळे पुढची रात्र आली की वाचकाजवळ लपायला जागा उरत नाही. ‘सकाळ झाली की संपेल’ हा आधार त्याने आधीच काढून घेतलाय. तुमच्या खर्ड्यात सगळं वाईट रात्रीच घडतं. त्यामुळे उजाडेपर्यंत दम धरायचा, एवढंच वाचकाला करायचं उरतं.

काळ म्हणजे नुसतं घड्याळ नव्हे, जमानाही आला. 1902 चं इंग्लंड हे कारखान्यांचं इंग्लंड आहे. कामावर अपघात झाला तर मजुराला किंवा त्याच्या घरच्यांना भरपाई द्यावी, असा कायदा तिथे 1897 मध्ये झाला होता आणि मृत्यूसाठी तिची कमाल मर्यादा 300 पौंडांची होती. म्हणजे दोनशे हा आकडा त्या वेळच्या वाचकाला अगदी हिशेबातला वाटला असणार. कथेतली कंपनी जबाबदारी नाकारते आणि मुलाच्या नोकरीची कदर म्हणून रक्कम देते. जादू इथे कारखान्याच्या कचेरीतून, रीतसर येते. पंजाने काही केलं की नुसता योगायोग, याचं उत्तर जेकब्ज देत नाही, आणि देऊ नयेच.

इथे आपल्यासाठी एक गंमतीची जागा आहे. पंजावर मंत्र घालणारा फकीर हिंदुस्थानातला आहे. इंग्रज वाचकाला ‘हिंदुस्थान’ म्हटलं की दूरचं, गूढ असं काही जाणवत असेल. आपल्याला त्याचं काय! फकीर आपल्या गल्लीतून जातात. तरीही ही कथा सोलापुरात, नाशकात, कणकवलीत वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतोच. मी यातून एक गोष्ट शिकलो: दूरदेशाच्या गूढतेने कथेला पंजा पुरवला, पण भीती पुरवली ती दाराने, जिन्याने आणि दोन मैलांनी.

त्या दोन मैलांपाशी आता जरा बसू या, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे.

तिसरा भाग अगदी कोरड्या माहितीने सुरू होतो. दोनेक मैलांवरच्या नव्या, मोठ्या दफनभूमीत म्हाताऱ्यांनी मुलाला पुरलं आणि ती दोघं अंधारल्या, मुक्या घरात परत आली. आकडा येतो आणि जातो. आठवडाभराने रात्री म्हाताऱ्याला जाग येते, बायको खिडकीशी रडतेय. आणि एकदम तिला पंजा आठवतो. एकच इच्छा वापरलीय! तो तिला परोपरीने अडवतो. त्याला जाऊन दहा दिवस झालेत. आणि तुला सांगणार नव्हतो, पण मी त्याला फक्त कपड्यांवरून ओळखलं. तेव्हाच तुला बघवला नसता, तर आता? ती ऐकत नाही. तो इच्छा मागतो. ती पडदा सरकवून खिडकीशी उभी राहते.

आणि काहीच होत नाही.

मेणबत्तीचा बुडखा जळत जळत मेणबत्तीदाणीच्या काठाखाली जातो, छतावर सावल्या उड्या मारत राहतात, एक मोठी फडफड होऊन तो विझतो. म्हाताऱ्याला हायसं वाटतं, जादू फसली. तो अंथरुणात शिरतो. थोड्या वेळाने तीही गुपचूप येऊन पडते. घड्याळाची टिकटिक. एक पायरी करकरते. भिंतीतून उंदीर चिरकत पळतो. अंधार सोसवेना म्हणून म्हातारा काडेपेटी घेऊन मेणबत्ती आणायला खाली उतरतो, जिन्याच्या पायथ्याशी काडी विझते, दुसरी ओढायला तो थांबतो, आणि त्याच क्षणी थाप.

थाप तिसऱ्यांदा पडते तेव्हा आई ताडकन उठून बसते. म्हातारा म्हणतो, उंदीर होता, जिन्यात माझ्या बाजूने गेला. मग पुन्हा जोरात थाप, आणि तिच्या तोंडून निघतं की ते दोन मैलांवर आहे हे मी विसरलेच होते.

हे वाक्य मी पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवलं होतं. दोन मैल म्हणजे सव्वातीन किलोमीटर. धडधाकट माणसाला पाऊण तास पुरे. इच्छा मागितल्यापासून मेणबत्ती जळत होती, विझली, दोघं पडून राहिली, तो जो ‘काहीच घडत नाही’ असा वेळ होता, त्यात कुणीतरी चालत होतं. यंत्राने चिरडलेले, आठवडाभर मातीत राहिलेले पाय ओढत, पहिल्या पानावर म्हाताऱ्याने ज्या चिखलाच्या रस्त्याला शिव्या घातल्या त्याच रस्त्याने येत होतं. जेकब्ज यातला एक शब्दही लिहीत नाही. आई फक्त अंतर सांगते, बाकीचं गणित वाचक स्वतः सोडवतो. आणि स्वतः सोडवलेल्या गणिताला ‘हे खोटं आहे’ असं म्हणता येत नाही. स्थळाने काळ मोजला, काळाने प्रेत चालवलं. वातावरणनिर्मिती वगैरे जे आपण म्हणतो त्याच्या कितीतरी पुढची ही गोष्ट आहे.

मराठी कानाला त्या दहा दिवसांत आणखी काही ऐकू येतं. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की गेलेल्याची इच्छा उरली नाही असं मानणारी आपण माणसं. इथे दहा दिवस झालेत आणि इच्छा उरलीय, ती मागे राहिलेल्यांची. जेकब्जच्या डोक्यात हे असणं शक्य नाही, पण मी प्रत्येक वेळी वाचताना अडखळतो.

आणखी दोनच जागा दाखवतो. पंजा आणायला म्हातारा अंधारात खाली दिवाणखान्यात जातो. शेकोटीवरच्या फळीवर तो सापडतो, पण परत फिरताना त्याला दार सापडत नाही. टेबलाच्या कडेने, भिंत चाचपत तो बाहेर पडतो. ही तीच बुद्धिबळाची, विणकामाची खोली आहे. आपण तिथे एक अख्खी संध्याकाळ बसलेलो आहोत. अनोळखी वाड्यात माणूस चुकला तर त्यात नवल नाही. जिथे आयुष्य गेलं त्या खोलीत दार न सापडणं हे वेगळं. म्हणून तुमच्या वाचकालाही ती जागा आधी दिव्याच्या उजेडात राहून बघू द्या.

दुसरी जागा बोल्टची. शेवटी आई दार उघडायला धावते. साखळी खळखळून निघते, खालचा बोल्ट कुरकुरत सरकतो. वरचा बोल्ट तिच्या हाताला येत नाही. ती नवऱ्याला हाका मारते, मग खुर्ची ओढते. तिकडे तो अंधारात गुडघ्यांवर पंजा शोधतोय. म्हातारी बुटकी आहे आणि बोल्ट उंच आहे, एवढ्यावर शेवट तोललेला आहे. रंगमंचावर हे करताना आम्ही दाराचा वरचा बोल्ट अभिनेत्रीच्या बोटांपासून चार बोटं वर बसवला. आधी वीतभर वर होता, तेव्हा ती पोचणार नाही हे प्रेक्षकांना लगेच कळायचं. चार बोटांवर आणला तेव्हा प्रेक्षागृहातल्या बायका आपापल्या टाचा उचलायला लागल्या. ती वर चढते, बोल्ट सरकतो, आणि म्हाताऱ्याला पंजा सापडतो. तिसरी इच्छा. थापा थांबतात. दार उघडतं, समोर लुकलुकता दिवा आणि मोकळा रस्ता.

आता माझी चूक सांगतो, तुम्हाला तिचा उपयोग होईल. पहिल्यांदा मी ही कथा मराठीत आणली ती एका जुन्या वाड्यात. सपशेल पडली. वाड्यात आठ बिऱ्हाडं. रात्री कुणी दार ठोठावलं तर आधी चार खिडक्या उघडतात. त्याहून मोठी अडचण म्हणजे आपण दहन करतो. परत यायला देहच नाही, मग यायचं कुणी? आम्ही पावसाचा आवाज वाढवला, दिवे कमी केले, कशानेही काही झालं नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही कुटुंब वसईच्या पट्ट्यातलं ख्रिस्ती केलं. दफनाचा प्रश्न सुटला. पण तिकडे चर्च आणि दफनभूमी बहुधा गावातच, घराजवळ. दोन मैल हातचे गेले. तेव्हा घर खाडीच्या अलीकडे आणि दफनभूमी पलीकडे नेली. रात्री होडी बंद. मग येणारा येईल कसा? पाणी ओसरल्यावर, चालत. दोन मैलांच्या जागी आम्हाला ओहोटी मिळाली. खिडकीशी उभी असलेली आई पुटपुटते, “आता ओहोटी लागली असेल,” एवढंच वाक्य.

संहितेत रात्र अर्थातच अमावास्येची होती. आमच्यातल्या एका मच्छीमाराच्या घरच्या मुलाने हात वर केला. आपल्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा त्यांच्या घरचा हिशेब. अमावास्येला भरती बाराच्या सुमारास, म्हणजे मध्यरात्री खाडी तुडुंब, कुणी येऊ शकणार नाही. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, सहा. संध्याकाळी सहाला भरती, बाराला ओहोटी. शिवाय त्या दिवसांत भांग असतो, उधाणासारखं पाणी चढतही नाही आणि पुरतं ओसरतही नाही. म्हणजे येणाऱ्याला थोडं पाण्यातून यावं लागेल. आम्ही अमावास्या काढली आणि अष्टमी घातली. कुणीतरी सुचवलं, दाराखालून पाणी आत येताना दाखवू. मी नको म्हटलं. ज्याला खाडी माहीत आहे त्याला ते पाणी दिसणारच होतं. प्रयोग वसईच्या बाजूला झाला तेव्हा आईच्या त्या एका वाक्यावर सभागृह गोठलं. तोच प्रयोग पुढे देशावर केला तर ते वाक्य सरळ निघून गेलं. तिथल्या प्रेक्षकांसाठी पहिल्या प्रवेशात होडीवाल्याच्या तोंडी ओहोटीचं बोलणं घालावं लागलं.

हे फक्त जेकब्जपुरतं नाही. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ (1897) ही कादंबरी उघडा. सुरुवातीलाच रोजनिशीत तारीख, गाव, गाडी सहा सेहेचाळीसला पोचायची होती ती तासभर उशिरा पोचली, असली बारीक नोंद. रेल्वेच्या वेळापत्रकापासून निघालेला माणूस जिथे वेळापत्रक चालत नाही तिथे जातो. अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो यांच्या 1842 सालच्या तांबड्या मृत्यूच्या कथेत सात दालनं पूर्वेकडून पश्चिमेकडे लावलेली आहेत, शेवटचं काळं, आणि त्यात दर तासाला नाचगाणं थांबवणारं घड्याळ. ती कथा मला जरा जास्त नटवलेली वाटते, पण दालनांचा क्रम आणि ठोके यांचं गणित त्यातही चोख आहे.

तुमच्या खर्ड्याकडे येतो. तुमच्या वाड्यामागे विहीर आहे आणि जे काही येतं ते विहिरीतून येतं. चांगली जागा आहे, बदलू नका. पण विहीर ते स्वयंपाकघराचं दार हे अंतर किती, वाटेत काय आहे, हे मला खर्डा संपला तरी कळलं नाही. सकाळच्या प्रसंगात तुमची काकू पाणी भरते. तिला भरलेली कळशी घेऊन चालवा. पायऱ्या किती, कुठली फरशी डुगडुगते, तुळशीपाशी ती कळशी कमरेवरून खाली का ठेवते, दाराला आतून कडी आहे की नुसता अडसर, हे सगळं तिच्या कंबरदुखीच्या कुरकुरीतून येऊ द्या. पाऊस काढून टाका, त्याच्या आवाजात फरशी ऐकू येणार नाही. अमावास्याही काढा. रात्री वीज गेल्यावर कंदिलात तेल किती उरलंय ते काकूला एकदा हलवून बघू द्या. मग विहिरीच्या रहाटाचा आवाज एकदाच, आणि त्यानंतर कळशी घेऊन यायला काकूला सकाळी जितका वेळ लागला तितका वेळ घरात दुसरंच काहीतरी चालू ठेवा. पोराला पाढे म्हणायला लावा हवं तर. ती फरशी डुगडुगली की थांबा, तुळशीपाशी कळशी टेकल्याचा आवाज येईपर्यंत पुढचं वाक्य लिहू नका.